हैदराबाद पोलीस ॲक्शन आणि उस्मानाबाद जिल्ह्यातील जनमानस (१९४७-४८) : एक ऐतिहासिक अभ्यास

प्रस्तावना

मराठवाड्याच्या बोलीत 'पोलीस ॲक्शन' ही कालगणनेची एक खूण होऊन बसली आहे. अमक्याचा जन्म रझाकारीतला, तमकी विहीर ॲक्शनच्या आदल्या साली खोदलेली, असे जुनी माणसे सांगत आली. इसवी सन किंवा शक लक्षात नसला तरी ही खूण कोणी विसरले नाही. ज्या घटनेने लोकांच्या स्मरणात एवढी खोल जागा मिळविली, त्या घटनेच्या वेळी लोकांना नेमके काय वाटत होते, हा प्रश्न मात्र आपल्या इतिहासलेखनात फारसा विचारला गेलेला नाही. लढ्याचा इतिहास लिहिला गेला, नेत्यांची चरित्रे लिहिली गेली, लष्करी हालचालींचे तपशील नोंदविले गेले. परंतु आजूबाजूला सैन्य जमत असताना व ते सीमा ओलांडून आत येत असताना गावोगावच्या माणसांच्या मनात कोणती भीती होती, याचा शोध क्वचितच घेतला गेला.

सोमवार, दिनांक १३ सप्टेंबर १९४८ रोजी पहाटे भारतीय सैन्याने सोलापूरच्या बाजूने हैदराबाद संस्थानात प्रवेश केला. अधिकृत परिभाषेत ही 'पोलीस कारवाई' होती. प्रत्यक्षात तिच्यात एक चिलखती डिव्हिजन, रणगाडे, तोफखाना आणि विमानदल सहभागी होते आणि लष्करी दप्तरी तिचे नाव 'ऑपरेशन पोलो' असे होते. पश्चिमेकडील मुख्य फौजेची पहिली चकमक नळदुर्ग येथे झाली. त्याच पहाटे दुसरी तुकडी तुळजापुरात पोहोचली. म्हणजेच या युद्धाचे पहिले दर्शन ज्या भूभागाला घडले, त्यात उस्मानाबाद जिल्हा अग्रभागी होता. (२०२३ मध्ये जिल्ह्याचे नाव अधिकृतपणे धाराशिव झाले. प्रस्तुत लेखात अभ्यासकालातील नाव वापरले असून त्या वेळच्या जिल्ह्यात लातूर व औसा हे तालुकेही समाविष्ट होते, हे ध्यानात घ्यावे.)

प्रस्तुत निबंधात असे मांडावयाचे आहे की, १९४८ च्या पूर्वार्धात या भागात व दिल्लीत ज्या युद्धाची धास्ती होती ते युद्ध झाले नाही. आणि जे घडले त्याची धास्ती कोणी पुरेशी बाळगली नव्हती. बाहेरच्या मोठ्या युद्धाचे भय पाच दिवसांत ओसरले, परंतु शेजाऱ्याने शेजाऱ्यावर केलेली हिंसा त्यानंतर सुरू झाली. या दोन्ही गोष्टी एकत्र ठेवल्याशिवाय १७ सप्टेंबरचा अर्थ पूर्ण होत नाही.

उद्दिष्टे व अभ्यासपद्धती

प्रस्तुत अभ्यासाची उद्दिष्टे पुढीलप्रमाणे आहेत : (१) पोलीस ॲक्शनपूर्वी सीमावर्ती जनतेत पसरलेल्या भीतीचे स्वरूप समजून घेणे, (२) १३ ते १७ सप्टेंबर १९४८ या काळातील घटनाक्रम आणि लोकांचा प्रतिसाद यांचा संबंध तपासणे, (३) शस्त्रसंधीनंतरच्या हिंसेचे या जिल्ह्यातील स्थान निश्चित करणे.

अभ्यासासाठी वर्णनात्मक व विश्लेषणात्मक पद्धतीचा अवलंब केला आहे. साधने निवडताना परस्परविरोधी बाजूंची साक्ष समोर राहील, याची दक्षता घेतली आहे. संस्थानी खात्याचे सचिव व्ही. पी. मेनन यांचा संस्थानांच्या विलीनीकरणावरील ग्रंथ (१९५६), भारताचे हैदराबादमधील प्रतिनिधी कन्हैयालाल मुन्शी यांच्या आठवणी (१९५७), निजामाचे पंतप्रधान मीर लायक अली यांचे पुस्तक (१९६२), स्वामी रामानंद तीर्थ यांच्या आठवणी (१९६७), अनंत भालेराव यांचा 'हैदराबादचा स्वातंत्र्यसंग्राम आणि मराठवाडा' हा ग्रंथ (१९८७), तसेच १९४८ मध्ये उस्मानाबादचे जिल्हाधिकारी असलेल्या मोहम्मद हैदर यांच्या २०१२ मध्ये प्रसिद्ध झालेल्या आठवणी आणि पंडित सुंदरलाल समितीचा अहवाल ही प्रमुख साधने होत. यांपैकी बहुतेक साधने नेत्यांची व अधिकाऱ्यांची आहेत, स्त्रियांची आणि निरक्षरांची जवळजवळ नाहीतच. त्यामुळे सामान्यांच्या प्रतिक्रिया बऱ्याचदा त्यांच्या कृतींवरून, म्हणजे गाव सोडणे, परतणे, लपविणे, लुटणे किंवा वाचविणे यांवरून वाचाव्या लागतात.

पार्श्वभूमी

हैदराबाद हे ब्रिटिशकालीन भारतातील सर्वांत मोठ्या संस्थानांपैकी एक होते. त्याचे क्षेत्रफळ सुमारे ८२,००० चौरस मैल आणि १९४१ च्या जनगणनेनुसार लोकसंख्या सुमारे १ कोटी ६३ लाख होती. प्रजा बहुसंख्येने हिंदू, राज्यकर्ता मुस्लिम आणि भाषा प्रामुख्याने तेलुगू, मराठी व कन्नड अशी या राज्याची घडण होती. सातवे निजाम मीर उस्मान अली खान यांनी जून १९४७ मध्ये दोन्ही नियोजित राष्ट्रांपैकी कोणातही सामील न होण्याचा निर्णय जाहीर केला. २९ नोव्हेंबर १९४७ रोजी भारत सरकारबरोबर एक वर्षाचा 'जैसे थे' करार झाला. त्याच सुमारास मीर लायक अली पंतप्रधान झाले आणि मजलिस-ए-इत्तेहादुल मुसलमीनचे अध्यक्ष कासीम रझवी यांच्या रझाकार संघटनेचा राज्यकारभारावरील दाब वाढत गेला.

या संघर्षात उस्मानाबाद जिल्ह्याचे स्थान वेगळे आहे. कासीम रझवी हे लातूरला वकिली करीत होते. दुसरीकडे, हैदराबाद स्टेट काँग्रेसचे नेतृत्व करणारे स्वामी रामानंद तीर्थ हे याच जिल्ह्यातील हिप्परगा येथील राष्ट्रीय शाळेत मुख्याध्यापक होते आणि तेथेच १९३२ मध्ये त्यांनी संन्यास घेतला. राज्यात १९४७-४८ मध्ये एकमेकांसमोर उभ्या राहिलेल्या दोन राजकारणांची माणसे एकाच जिल्ह्याच्या कचेरीत आणि शाळेत वावरलेली होती. येथील संघर्ष दूरच्या राजधानीतून उतरलेला नव्हता. त्यातील दोन्ही पक्षांचे चेहरे लोकांना ओळखीचे होते. पुढे जे घडले त्याची तीव्रता समजून घेण्यास ही ओळखही कारणीभूत आहे.

दलित समाजाची कोंडी वेगळी होती. बी. एस. व्यंकटराव हे लायक अली यांच्या मंत्रिमंडळात होते, तर श्यामसुंदर हे संयुक्त राष्ट्रांकडे गेलेल्या हैदराबादच्या शिष्टमंडळात होते. याउलट डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी नोव्हेंबर १९४७ मध्येच संस्थानातील अस्पृश्यांना निजामाची बाजू घेऊ नये, असे बजावले होते. म्हणून 'हिंदू प्रजा' आणि 'मुस्लिम राजवट' अशी सरळ विभागणी करून जनतेच्या प्रतिक्रियेचे आकलन होत नाही.

सीमेवरचा जिल्हा

उस्मानाबाद जिल्ह्याच्या पश्चिमेस मुंबई प्रांतातील सोलापूर व अहमदनगर हे जिल्हे होते. सीमा नकाशावर होती. व्यवहारात ती रोज ओलांडली जाई. बार्शीचा बाजार, सोलापूरच्या गिरण्या, पंढरीची वारी, तुळजाभवानीचे दर्शन आणि दोन्हीकडच्या सोयरिकी यांनी हा प्रदेश एक केला होता. बार्शी लाईट रेल्वेची अरुंद रुळांची गाडी कुर्डुवाडीहून बार्शीमार्गे १९११ पासून लातूरपर्यंत जात होती. आडत्याचा माल, शाळकरी मुले आणि बातम्या याच गाडीने येत-जात. 'जैसे थे' कराराच्या काळात भारत सरकारने लादलेल्या आर्थिक निर्बंधांचा आणि दोन्ही बाजूंच्या नाकेबंदीचा ताण अशा सीमावर्ती मुलखाला सर्वांत आधी जाणवणे स्वाभाविक होते.

१९४७ च्या अखेरीपासून या सीमेवरील वाहतुकीचे स्वरूप पालटले. रझाकारांच्या दहशतीने असंख्य कुटुंबे गावे सोडून सोलापूर, बार्शी व पंढरपूरकडे जाऊ लागली. स्टेट काँग्रेसने सीमेलगत शिबिरे उभारली. तेथून संस्थानी चौक्या, नाकी व रझाकार ठाणी यांच्यावर हल्ले होऊ लागले. मुक्तिसंग्रामाच्या साहित्यात ही शिबिरे प्रतिकाराची केंद्रे म्हणून येतात. त्यावेळचे जिल्हाधिकारी मोहम्मद हैदर यांच्या आठवणींत तीच शिबिरे कायदा व सुव्यवस्थेपुढील सर्वांत मोठे संकट म्हणून येतात. दोन्ही कथने परस्परविरोधी असली तरी एका मुद्यावर त्यांचे एकमत आहे : १९४८ च्या उन्हाळ्यापर्यंत सीमेवरच्या गावांत राज्यसत्ता कोणाची, हे निश्चित सांगता येत नव्हते. दिवसा एकाचा अंमल आणि रात्री दुसऱ्याचा अशा स्थितीत शेतकऱ्याला युद्ध 'होणार' की नाही हा प्रश्न पडलाच नसेल. त्याच्या दृष्टीने ते सुरू झालेले होते.

जुलै १९४८ मध्ये नान्नज येथे भारतीय सैन्याची तुकडी व संस्थानी बाजूचे सशस्त्र लोक यांच्यात चकमक झाली. नान्नज हे मुंबई प्रांताचे, परंतु संस्थानी मुलखाने वेढलेले गाव होते. भारतीय सैन्याने ते ताब्यात घेतले. औपचारिक युद्धाच्या सुमारे सात आठवडे आधीच सीमेवर गोळीबार झाला होता, ही बाब येथील जनमानसाचा विचार करताना महत्त्वाची ठरते.

मोठ्या युद्धाची धास्ती

त्या उन्हाळ्यात तीन प्रकारची भीती एकाच वेळी वावरत होती. तिचे थर वेगळे करून पाहणे आवश्यक आहे.

पहिली भीती दोन राष्ट्रांतील युद्धाची होती. काश्मीरमध्ये ऑक्टोबर १९४७ पासून लढाई चालू होती. हैदराबादवर कारवाई केल्यास पाकिस्तान दुसरी आघाडी उघडेल काय, हा प्रश्न दिल्लीतही गांभीर्याने विचारला जात होता. भारताचे तत्कालीन सरसेनापती जनरल रॉय बुचर हे ब्रिटिश होते. काश्मीरची आघाडी पेटलेली असताना हैदराबादमध्ये सैन्य गुंतविण्याबाबत आणि मुंबई-अहमदाबादसारख्या शहरांवर हवाई हल्ला होण्याबाबत त्यांनी शंका व्यक्त केल्या होत्या. सरदार पटेलांनी त्या मान्य केल्या नाहीत.

दुसरी भीती आकाशातून येणाऱ्या संकटाची होती. ऑस्ट्रेलियन वैमानिक सिडनी कॉटन हा कराचीहून रात्रीच्या वेळी विमानांतून शस्त्रे आणून संस्थानात उतरवीत होता. त्याची विमाने उतरण्याच्या ठिकाणांपैकी बिदर हे उस्मानाबाद जिल्ह्याला लागून असलेल्या जिल्ह्याचे ठाणे होते. दुसरे महायुद्ध संपून अवघी तीन वर्षे झाली होती. हिरोशिमा-नागासाकीच्या वार्ता ताज्या होत्या आणि या मुलखातले तरुण त्या युद्धात जाऊन आलेले होते. अशा वेळी निजामाजवळ नेमके किती सामर्थ्य आहे याविषयी अतिशयोक्त कल्पना पसरणे नवलाचे नव्हते. कासीम रझवींच्या भाषणांनी या कल्पनांना खतपाणी घातले. रझाकारांची संख्या लाखांत सांगितली जाई. शस्त्रसज्जतेचा हा डौल मुळात शत्रूला धाक बसावा म्हणून होता. त्याचा धाक आधी बसला तो संस्थानातील प्रजेला.

तिसरी भीती ओलीस ठेवले जाण्याची होती, आणि जिल्ह्याच्या दृष्टीने ती सर्वांत खरी होती. भारतीय सैन्य आत आलेच, तर त्याचा सूड येथील हिंदू प्रजेवर उगवला जाईल, अशा धमक्या उघडपणे दिल्या जात होत्या. उलटपक्षी, निजामाची सत्ता गेल्यास आपले काय होणार, ही चिंता खेड्यापाड्यांत विखुरलेल्या, रझाकारांशी काडीचाही संबंध नसलेल्या मुस्लिम विणकरांना, अत्तारांना, शेतमजुरांना होती. फाळणीच्या वेळच्या पंजाबातील वार्ता दोन्ही समाजांनी ऐकल्या होत्या. अन्य प्रांतांतून आश्रयासाठी आलेली मुस्लिम कुटुंबेही १९४७ नंतर मोठ्या संख्येने संस्थानात दाखल झाली होती. ती जे सांगत असतील त्याने येथील मुसलमानांची चिंता वाढलीच असणार.

ऑगस्ट-सप्टेंबरमध्ये घटना वेगाने घडल्या. २१ ऑगस्ट १९४८ रोजी हैदराबादने संयुक्त राष्ट्रांच्या सुरक्षा परिषदेकडे दाद मागितली. ११ सप्टेंबर रोजी कराचीत महंमद अली जिना यांचे निधन झाले. १३ सप्टेंबरला सैन्य सीमा ओलांडून आत गेले आणि त्याच दिवशी भारतात आणीबाणी पुकारण्यात आली. हैदराबादने या घटनेला आक्रमण म्हटले. भारताने ती देशांतर्गत व्यवस्था राखण्यासाठीची पोलीस कारवाई ठरविली. या शब्दयोजनेमागे आंतरराष्ट्रीय कायद्याचे कारण होते. युद्ध म्हटले की दोन राष्ट्रे आली, आणि दोन राष्ट्रे आली की सुरक्षा परिषदेचा अधिकार आला. 'पोलीस' हा शब्द ती वाट बंद करण्यासाठी होता. पुढे हाच शब्द लोकभाषेत रुजला आणि त्याने युद्धाच्या खुणा झाकूनही टाकल्या.

पाच दिवस : १३ ते १७ सप्टेंबर

भाद्रपदातला शुद्ध पक्ष चालू होता. गणेशोत्सवाचे दिवस होते. मूग-उडदाची रास होऊन रब्बीच्या मशागतीकडे लक्ष लागण्याचा हा हंगाम. नद्यांना पाणी होते. मेजर जनरल जयंतनाथ चौधरी यांच्या नेतृत्वाखालील पहिली चिलखती डिव्हिजन सोलापूर-हैदराबाद मार्गाने निघाली. दक्षिण विभागाचे प्रमुख लेफ्टनंट जनरल महाराज राजेंद्रसिंहजी होते.

नळदुर्ग हे ठिकाण लष्करीदृष्ट्या मोक्याचे होते. आदिलशाहीतील भुईकोट किल्ला, बोरी नदी आणि तिच्यावरील पूल ओलांडल्याखेरीज हा रस्ता पुढे जात नव्हता. पूल उद्ध्वस्त झाला असता तर पावसाळ्यात फौज अडून पडली असती. भारतीय सैन्याने तो शाबूत स्थितीत ताब्यात घेतला. हैदराबादच्या पहिल्या पायदळ पलटणीचा प्रतिकार मोडून काढण्यात आला आणि सकाळी फौज जळकोटला पोहोचली. दुपारी काही हलके रणगाडे उमरग्यापर्यंत गेले. तुळजापूरला संस्थानी सैनिक व सुमारे २०० रझाकार यांनी दोन तास प्रतिकार केला. तेथून लोहाऱ्याकडे जाणारी तुकडी मात्र नदीला आलेल्या पुराने अडली. १४ सप्टेंबर रोजी उस्मानाबाद शहर ताब्यात आले. तेथे रझाकारांशी रस्त्यांवर झुंज झाली. त्यानंतर युद्धाची आघाडी जिल्ह्याबाहेर सरकली. १७ सप्टेंबर रोजी, शुक्रवारी, सायंकाळी निजामाने शस्त्रसंधी जाहीर केली आणि दुसऱ्या दिवशी सेनापती अल इद्रूस यांनी चौधरी यांच्यापुढे शरणागती पत्करली.

म्हणजे ज्या युद्धाची वर्षभर धास्ती घेतली गेली, ते या जिल्ह्यापुरते सुमारे ३६ ते ४८ तासांत संपले. पाकिस्तान युद्धात उतरले नाही. कराचीत निदर्शने झाली, त्यापलीकडे काही झाले नाही. मुंबईवर बॉम्ब पडले नाहीत. सुरक्षा परिषदेची बैठक १६ सप्टेंबरला पॅरिसमध्ये भरली तेव्हा निकाल लागत आला होता आणि २२ सप्टेंबरला निजामाने आपली तक्रार मागे घेतल्याचे कळविले. या सुटकेची प्रतिक्रिया म्हणजे जागोजागी झालेले सैन्याचे स्वागत होय. गावे सोडून गेलेली माणसे परतू लागली, तुरुंग उघडले, स्वामी रामानंद तीर्थ मुक्त झाले. रझाकारांच्या अत्याचाराखाली भरडलेल्या लोकांच्या दृष्टीने हा स्वातंत्र्याचाच क्षण होता. भारतातील इतरांना १५ ऑगस्ट १९४७ रोजी लाभलेले त्यांना १३ महिन्यांनी लाभले. त्या आनंदाचे मोल कमी लेखण्याचे काहीही कारण नाही.

व्ही. पी. मेनन यांनी समाधानाने नोंदविले आहे की, या कारवाईच्या काळात भारतभर एकही जातीय दंगल झाली नाही. दिल्लीला ज्याची भीती होती त्या संदर्भात हे विधान सार्थ आहे. परंतु दिल्लीची नजर भारताच्या अन्य प्रांतांवर होती. ज्या मुलखात सैन्य शिरले होते, तेथे काय होईल याची तेवढी पूर्वतयारी झालेली दिसत नाही.

शस्त्रसंधीनंतर

जुनी राजवट कोसळली होती. नवी अजून गावागावांत पोहोचली नव्हती. पोलीस पळाले होते किंवा अटकेत होते. रझाकारीत घरे जळालेली, माणसे गमावलेली कुटुंबे परतत होती. या पोकळीत सूडाची लाट उसळली. हिंसेच्या बातम्या दिल्लीत पोहोचल्यावर पंडित सुंदरलाल, काझी अब्दुल गफार आणि मौलाना अब्दुल्ला मिस्री यांची समिती हैदराबादला पाठविण्यात आली. समितीने २९ नोव्हेंबर ते २१ डिसेंबर १९४८ या काळात राज्यातील १६ पैकी ९ जिल्ह्यांचा दौरा केला. पोलीस ॲक्शनच्या काळात व नंतर राज्यात २७,००० ते ४०,००० माणसे मारली गेली असावीत, असा अंदाज समितीने व्यक्त केला. सर्वाधिक झळ पोहोचलेले चार जिल्हे समितीने नमूद केले आहेत : उस्मानाबाद, गुलबर्गा, बिदर व नांदेड. या चार जिल्ह्यांतील मृतांचा आकडा १८,००० हून कमी नसावा, असे समितीचे मत होते.

लातूरविषयीची नोंद विशेष वेदनादायक आहे. कासीम रझवींचे गाव आणि कच्छी मुस्लिम व्यापाऱ्यांची मोठी पेठ असलेल्या या शहरात वीस दिवसांहून अधिक काळ हत्याकांड चालले. सुमारे दहा हजार मुस्लिम वस्तीपैकी समितीला तेथे जेमतेम तीन हजार आढळले. एक हजारांहून अधिक मारले गेले होते आणि बाकीचे जीव घेऊन पळाले होते. ज्या रस्त्यांनी वर्षभर हिंदू कुटुंबे पश्चिमेस सोलापूर-बार्शीकडे गेली होती, त्याच मुलखातून आता मुस्लिम कुटुंबे पूर्वेस हैदराबाद शहराकडे निघाली. दिशा बदलली, बैलगाडीतले बोचके आणि कडेवरचे मूल तेच राहिले. स्त्रियांवरील अत्याचार व अपहरण यांचीही समितीने नोंद घेतली. कासीम रझवींना शिक्षा झाली, १९५७ मध्ये सुटका झाल्यावर ते पाकिस्तानात गेले. त्यांच्या कृत्यांची किंमत मात्र त्यांच्या संघटनेत कधीही नसलेल्यांनीही मोजली.

या हिंसेमागे रझाकारांच्या अत्याचारांची प्रतिक्रिया होती, हे समितीनेही मान्य केले आहे. परंतु वीस दिवस चाललेली गोष्ट केवळ क्षणिक संतापाने समजत नाही. लुटीचे प्रमाण पाहता दुकाने, जमिनी व कर्जाचे हिशेब यांचाही तीत वाटा असावा, असे अनुमान निघते. सैन्याच्या वर्तनाबाबत समितीची नोंद संमिश्र आहे. काही ठिकाणी जवानांनी व अधिकाऱ्यांनी मुस्लिमांचे संरक्षण केले. काही ठिकाणी ते लुटीत व हत्येत सामील झाल्याचे समितीने म्हटले. सरदार पटेलांनी या अहवालावर तीव्र आक्षेप घेऊन तो नाकारला. रझाकारांच्या अत्याचारांना अहवालात योग्य स्थान मिळालेले नाही, ही त्यांची एक हरकत होती. अहवाल सरकारने प्रसिद्ध केला नाही. त्यातील काही भाग १९८८ मध्ये उमर खालिदी यांनी संपादिलेल्या ग्रंथातून आणि पुढे २०१३ च्या सुमारास अहवाल अभ्यासकांसमोर आला. त्यातील संख्या अंदाज आहेत, मोजणी नव्हे, हे भान अभ्यासकाने ठेवलेच पाहिजे. तथापि आकडा वादग्रस्त आहे म्हणून घटनाही वादग्रस्त ठरत नाही.

याच अहवालातील आणखी एक नोंद जनमानसाच्या अभ्यासात दुर्लक्षून चालणार नाही. अनेक ठिकाणी हिंदूंनी आपल्या मुस्लिम शेजाऱ्यांना जिवावर उदार होऊन वाचविले. एकाच व्यवसायातील माणसांत ही आपुलकी अधिक आढळली. काही गावांत हिंदू विणकरांनी मुस्लिम विणकरांचे रक्षण केले आणि त्यात स्वतःचे प्राणही गमावले. माग शेजारी-शेजारी चालत होते, सूत एकाच व्यापाऱ्याकडून येत होते, या रोजच्या सहवासाने सूडाच्या लाटेतही टिकाव धरला. भीती ही एकच प्रतिक्रिया नव्हती, हे यावरून सिद्ध होते.

स्मरण आणि विस्मरण

१७ सप्टेंबर हा दिवस मराठवाड्यात मुक्तिसंग्राम दिन म्हणून साजरा होतो. महाविद्यालयांत ध्वजवंदन होते, हुतात्म्यांचे स्मरण होते. हे योग्यच आहे. मात्र दिनदर्शिकेवरील एक तारीख इतिहासाला जणू तेथेच थांबवते. त्यापूर्वीचे सर्व काही अत्याचार आणि त्यानंतरचे सर्व काही स्वातंत्र्य, अशी सोयीची विभागणी होते. या विभागणीत सप्टेंबरचा उत्तरार्ध आणि ऑक्टोबर हरवतो.

दुसऱ्या बाजूने, केवळ सुंदरलाल अहवाल पुढे करून १९४७-४८ ची रझाकारी झाकण्याचा प्रयत्नही तितकाच अपुरा आहे. गावे जळाली होती, माणसे परागंदा झाली होती, सत्याग्रहींनी तुरुंगवास भोगला होता. एका दुःखाने दुसरे दुःख खोडून काढता येत नाही. दोन्ही स्मृती याच तालुक्यांत, बऱ्याचदा एकाच गावात, शेजारच्या घरांत सांभाळल्या गेल्या. एक स्मृती व्यासपीठावर आली. दुसरी घरातल्या कुजबुजीत राहिली.

निष्कर्ष

१. पोलीस ॲक्शनपूर्वी उस्मानाबाद जिल्ह्यातील भीती एकजिनसी नव्हती. राष्ट्रांतील युद्ध, हवाई हल्ला आणि सूड या तीन पातळ्यांवर ती वावरत होती. राज्यकर्त्यांचे लक्ष प्रामुख्याने पहिल्या दोन पातळ्यांवर होते, तर गावकऱ्यांचे तिसऱ्यावर. पुढील घटनांनी गावकऱ्यांची भीती खरी ठरविली.

२. या जिल्ह्यातील प्रत्यक्ष लष्करी लढाई दोन दिवसांत संपली. नळदुर्गचा पूल शाबूत राहिला, परंतु गावातील माणसांना जोडणारे अनेक पूल त्यानंतरच्या आठवड्यांत तुटले.

३. सैन्याचे स्वागत आणि त्यानंतरची हिंसा या दोन्ही लोकांच्याच प्रतिक्रिया होत्या. एकीचा अभिमान धरून दुसरीबाबत मौन पाळणे इतिहासाच्या शिस्तीत बसत नाही.

४. 'पोलीस ॲक्शन' हा शब्द राजनैतिक गरजेतून आला. इतिहासाच्या अध्यापनात तो वापरताना त्यामागील कारण विद्यार्थ्यांना सांगितले पाहिजे.

५. शेजाऱ्यांना वाचविणाऱ्यांचा इतिहास अद्याप लिहिला गेलेला नाही. हे काम स्थानिक महाविद्यालयांच्या इतिहास विभागांनीच करावयाचे आहे.

समारोप

१९४८ मध्ये जे दहा-बारा वर्षांचे होते, ते आज नव्वदीच्या आसपास आहेत. त्यांच्या पिढीबरोबर त्या भाद्रपदाच्या आठवणी जातील. आपल्या पदव्युत्तर विद्यार्थ्यांना प्रकल्पासाठी विषय देताना आपण बहुधा छापील ग्रंथांवर अवलंबून राहतो. त्याऐवजी प्रत्येक विद्यार्थ्याला आपल्याच गावात, सर्व आळ्यांत जाऊन, एकच प्रश्न विचारावयास सांगता येईल : त्या वर्षी गाव सोडून कोण गेले, कोण परतले आणि कोणाला कोणी लपविले? पहिल्या दोन प्रश्नांची उत्तरे रझाकारीची व सूडाची नोंद पुरी करतील. तिसऱ्याचे उत्तर ज्या गावात मिळेल, त्या गावाला १७ सप्टेंबरच्या ध्वजवंदनात आपल्या माणसांची आणखी काही नावे घेता येतील.